विषय: रिलेटिव्ह क्लॉज छोटा करण्याच्या धड्यातील चुका आणि कापलेले गुण

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या ॲपचे वर्षभराचे पैसे मी आगाऊ भरले आहेत. रिलेटिव्ह क्लॉज (म्हणजे हू, विच, दॅटने सुरू होऊन नामाविषयी सांगणारं उपवाक्य) छोटा करण्याच्या धड्यात आपण एकच नियम दिला आहे: हू, विच, दॅट काढा आणि क्रियापदाला आयएनजी लावा किंवा त्याचं तिसरं रूप वापरा. 'द मॅन हू इज स्टँडिंग देअर'चं 'द मॅन स्टँडिंग देअर' होतं, इथवर ठीक.

सातव्या प्रश्नात वाक्य होतं, 'द बॉय हू ब्रोक द विंडो रॅन अवे'. हे छोटं होत नाही म्हणून मी 'बदल नाही' निवडलं. त्यावर लाल फुली! आपलं 'बरोबर' उत्तर: 'द बॉय ब्रेकिंग द विंडो'. म्हणजे मुलगा अजून काच फोडतोच आहे आणि पळतोही आहे. एकदाच घडून संपलेल्या क्रियेला इथे आयएनजी चालत नाही. धडा लिहिणाऱ्याचा घोळ मला कळतो. मराठीत 'काच फोडणारा मुलगा पळाला' बिनदिक्कत चालतं, कारण 'णारा'ला काळाचं सोयरसुतक नसतं. आयएनजीला असतं.

दुसऱ्या एका प्रश्नातली चूक तशीच, मराठीतल्या 'लेला' प्रत्ययामुळे झालेली. 'काल लिहिलेलं पत्र' म्हणजे 'द लेटर रिटन येस्टरडे', मान्य; तिथे अर्थ कर्मणी आहे. पण त्याच मापाने आपण 'काल आलेलं पत्र'चं 'द लेटर अराइव्ड येस्टरडे' केलंत. हे तर 'पत्र काल आलं' असं पूर्ण वाक्यच झालं! पत्र स्वतः येतं, त्याला कोणी 'आणवत' नाही, म्हणून तिथे विच किंवा दॅट ठेवावंच लागतं.

शिवाय 'छोटं वाक्य नेहमीच स्पष्ट' ही चौकटीतली टीप काढून टाका. भाषेच्या मानसशास्त्राचे अभ्यासक थॉमस बेव्हर यांनी १९७० साली दिलेलं 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' (कोठाराजवळून पळवलेला घोडा पडला) हे वाक्य वाचून बघा. 'फेल'पाशी इंग्रजी मातृभाषा असलेलेही अडखळतात. 'हॉर्स'नंतर 'दॅट वॉज' परत घाला, अडचण संपते.

मी ॲपमधून दोनदा कळवलं. दोन्ही वेळा 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' एवढंच ठोकळेबाज उत्तर आलं.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं दुरुस्त करून माझे गुण परत द्यावेत. पंधरा दिवसांत ते जमणार नसेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करावेत. दोन्ही प्रश्नांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक