शून्य कॅल्शियम स्कोअर आणि छातीतले दुखणे

महोदय,

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये हल्ली हृदयाचा ‘कॅल्शियम स्कोअर’ सर्रास जोडलेला असतो. माझ्या ४२ वर्षांच्या, सिगारेट ओढणाऱ्या भाच्याने गेल्या वर्षी तो करून घेतला आणि अहवालात शून्य पाहून, जिना चढताना छाती जड होते ही गोष्ट तीन आठवडे घरात कोणालाच सांगितली नाही. पुढे अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली आढळली व स्टेंट घालावा लागला. अहवाल चुकीचा नव्हता. त्याचा अर्थ सांगणारे मात्र कोणी भेटले नाही.

अमेरिकेतील डॉ. आर्थर अगॅट्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेल्या या पद्धतीत सीटी स्कॅनवर हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचलेला चुना मोजला जातो. त्यासाठी शिरेतून औषध द्यावे लागत नाही, किरणोत्सर्गही बेताचाच असतो. परंतु चरबीचा जो थर अद्याप मऊ आहे, ज्यात चुना धरलेला नाही, तो या तपासणीत दिसत नाही, आणि तरुण वयात, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, नेमका असाच थर फुटून झटका येऊ शकतो.

ही तपासणी निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्यांना कोणताही त्रास नाही, पण पुढील दहा वर्षांतील हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका ७.५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असल्याने स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध द्यावे की नाही याचा निर्णय होत नाही, अशांसाठी ती खरोखर उपयोगी ठरते: स्कोअर १०० किंवा अधिक असल्यास औषध सुरू करावे, शून्य असल्यास थांबता येते. मात्र मधुमेही, धूम्रपान करणारे आणि ज्यांच्या घरात कमी वयात हृदयविकार झालेला आहे, त्यांना शून्याची ही सवलत त्याच तत्त्वांनी दिलेली नाही. शिवाय दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून तिथे नोंदलेला आहे. आपल्याकडच्या जाहिरातींत यातले एक अक्षरही नसते.

ज्याच्या छातीत दुखते त्याचा प्रश्न तर सर्वस्वी वेगळा आहे. त्याला ईसीजी, रक्ततपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गरज भासल्यास सीटी अँजिओग्राफी लागते, पॅकेज नव्हे. तेव्हा तपासणी केंद्रांनी स्कोअरच्या आकड्याखालीच, ठळक मराठीत, ‘छातीत दुखत असल्यास या अहवालावर विसंबू नये, त्वरित डॉक्टरांना दाखवावे’ एवढे छापणे आरोग्य विभागाने बंधनकारक करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा