गोव्यात लसूण लावायची तर पातीसाठी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लसूण लावण्याविषयी मजकूर आला होता. पाकळी कशी निवडावी, कशी लावावी हे त्यात नीट सांगितलं आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चार महिन्यांत भरलेल्या गड्ड्या काढता येतील असं जे शेवटी लिहिलंय, ते घाटावरच्या वाचकासाठी ठीक. गोव्यातला माणूस त्या भरवशावर राहिला तर मार्चमध्ये हिरमुसून बसेल.

मी फोंड्यात खानावळ चालवते. सोलकढी, तांबडी भाजी, तिसऱ्या, सगळ्याला लसूण लागते. (खतखत्यात, म्हणजे आमच्या मिश्र भाजीत, ती घालू नये हे गोंयकाराला सांगायला नको.) 2024 साली किलोचा भाव 400 रुपयांच्या वर गेला आणि आमच्या वाड्यावर ज्याच्या त्याच्या गच्चीवर लसणीच्या कुंड्या दिसायला लागल्या. मीही तेलाच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं पाडून पहिल्यांदाच लसूण लावली. पात अशी जोमाने वर आली की येणारं-जाणारं माणूस थांबून बघायचं. मार्चमध्ये उपटली तेव्हा खाली सुपारीएवढा एक गोळा निघाला. सोलून बघितला तर आत पाकळ्याच नाहीत, सगळा मिळून एकच. मदतीला येणारी बाई म्हणाली, "वयनी, ही लोसूण काय कांदो?"

तो गोळा लसणीचाच, वासाला आणि तिखटपणाला तसूभरही कमी नाही. पण पाकळ्या का सुटल्या नाहीत, ते समजून घेण्यासारखं आहे. लसणीला गड्डी धरायला आधी थंडी लागते आणि मग वाढत जाणारा दिवस. सुरुवातीच्या दिवसांत रात्री चांगल्या गारठ्याच्या मिळाल्या तरच पुढे आत पाकळ्या वेगळ्या होतात. देशात सगळ्यात जास्त लसूण पिकते ती मध्य प्रदेशात. मंदसौर-नीमचच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो. नाशिककडेही तेच. आमच्याकडे जानेवारीत पहाटे वीस अंश झाले तरी लोक मफलर काढतात! तेवढ्या थंडीवर मफलर निघतो, लसूण भुलत नाही. त्यातून लावलेली पाकळी बारीक असेल तर एकच गोळा व्हायची शक्यता आणखी वाढते.

बियाणं महिनाभर फ्रिजमध्ये ठेवून मग लावलं तर गड्डी धरायला मदत होते, हे खरं आहे. पण माझा फ्रिज बांगड्यांनी आणि नारळाच्या रसाने भरलेला. तिथे लसणीला महिनाभर जागा कोण देणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की गोव्यात कुंडीतली लसूण पातीसाठी लावावी. गड्डी मिळाली तर वर आलेला नफा समजावा. पातीसाठी लावायची म्हटल्यावर बाकीचं गणितच सोपं होतं. गड्डीसाठी दोन पाकळ्यांत चार इंच अंतर सोडावं लागतं, पातीला दोन बोटं पुरतात. बाहेरच्या अंगाच्या जाड पाकळ्या घ्याव्यात, साल काढू नये, टोक वर ठेवून दीड-दोन इंच खाली दाबावी. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. पात वीतभर झाली की कात्रीने कापायची, बुडाशी दोनेक इंच ठेवून. पुन्हा फुटते, पण दरवेळी थोडी बारीक होत जाते.

वेळेबद्दल मात्र मी हट्टी आहे. पुरवणीत ऑक्टोबर लिहिलंय. आमच्याकडे ऑक्टोबरात परतीचा पाऊस कधी येऊन डबा तुडुंब भरेल याचा नेम नसतो, आणि पाणी साचलं की पाकळी जागच्या जागी कुजते. तुळशीचं लग्न, म्हणजे आमची व्हडली दिवाळी, होऊन जाऊ द्यावी. तोवर स्वयंपाकघरातल्या लसणीला आपोआप हिरवे कोंब दिसायला लागलेले असतात, तीच लावायची. आमची तांबडी माती आंबट, लसणीला ती तशी मानवत नाही. शेणखत आणि वाळू मिसळावी, आणि कुणाकडे अजून चूल पेटत असेल तर मूठभर राख मागून आणावी. पाणी सकाळी द्यावं. संध्याकाळी दिलं की पात रात्रभर ओली राहते आणि करपा रोग धरतो.

खानावळीत या पातीचं जे होतं ते पानात दिसतं. हिरवी मिरची, ओलं खोबरं, मीठ आणि मूठभर पात रगड्यावर ओबडधोबड वाटायची, मिक्सरला लावली तर पाणी सुटतं. जानेवारीत ही चटणी पेजेबरोबर ठेवली की दुपारी दीडच्या आत वाडगा रिकामा. चारशे रुपयांची लसूण वाचली का? नाही. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लसूण मी अजूनही मे महिन्यात बाजारातूनच भरते आणि पुढेही भरणार.

आपल्याला एक विनंती. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने 'भीमा ओंकार', 'भीमा पर्पल' अशा जाती काढल्या आहेत. किनाऱ्यावरच्या शेतीचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था तर आमच्या शेजारी, जुन्या गोव्याजवळ एलाला आहे. यातली कुठली जात किनाऱ्यावरच्या हवेत निदान चार पाकळ्या तरी धरते, हे तिथल्या शास्त्रज्ञांकडून लिहून घेऊन छापा. बाहेरून आलेला लेख जसाच्या तसा लावण्यापेक्षा आमच्या पावसाचा हिशेब धरून महिन्यांचं कोष्टक दिलंत, तर बायका ते कापून फ्रिजवर चिकटवतील. त्यासाठी तुळशीच्या लग्नाआधीचा एक रविवार पुरे.

आपली,
एक खानावळवाली, फोंडा