एंगाडिनची वाट दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम चारचौघांत. गोव्यातली बरीच कुटुंबं हल्ली नाताळच्या सुटीत स्वित्झर्लंडचा बेत आखतात. त्या सगळ्यांच्या शेजारी तुमच्यासारखा माणूस राहत नाही. तुम्ही आम्हाला जे दिलंत त्यातलं थोडं त्यांच्याही हाती लागावं, असं मनापासून वाटतं.

आमचं ठरत होतं सेंट मॉरिट्झला राहायचं. नाव ऐकलेलं, 1928 आणि 1948 अशी दोन हिवाळी ऑलिंपिक तिथे झालेली, फोटो तर डोळे दिपवणारे. तुम्ही आमच्या कागदावर नजर टाकलीत आणि म्हणालात, "सेंट मॉरिट्झ एक दिवस बघून या. राहा झेर्नेझला." ही दोन्ही गावं ज्यात येतात त्या एंगाडिनच्या खोऱ्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात इतके हिवाळे काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर आम्ही ऐकलं. इन नदीकाठचं शांत गाव, तिथून लाल डब्यांच्या आगगाडीने थोडं वर गेलं की झुओझ, आणि झुओझला आमच्यासारख्या नवख्यांना झेपतील असे उतार. खर्च वाचला हे तर झालंच. पण झेर्नेझच का, ते तुम्ही तेव्हा पुरतं सांगितलं नव्हतंत.

निघण्याआधीची तुमची शिकवणी मला आयुष्यभर आठवेल. ऑक्टोबरचा उकाडा, तुमचा सोपा, आणि स्टुलावर बसलेली आमची लेक. तुम्ही तिच्या पायात गुडघ्यापर्यंतचा लोकरी मोजा चढवलात, घोट्यापाशी पडलेली चुणी अंगठ्याने सपाट केलीत आणि म्हणालात, "ही एवढी चुणी बुटात राहिली तर दुपारपर्यंत पाय सोलून निघेल." मोजा एकच. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की पाय आवळतो, रक्त खेळत नाही आणि बोटं उलट जास्तच गारठतात. अंगाला लागून सुती काही नको, ते घामाने ओलं होतं आणि ओलंच राहतं. बर्फावरून ऊन उलटून येतं, तेव्हा सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीही. मग तुम्ही आमची प्रवास विम्याची पॉलिसी मागवलीत, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचलीत. स्कीइंग त्यात धरलेलंच नव्हतं. हिवाळी खेळांचं वेगळं कलम जोडून घेतल्याशिवाय तुम्ही आम्हाला हलू दिलं नाहीत. सुदैवाने त्याची गरज लागली नाही, पण उतारावर उभी असताना माझ्या पोटात गोळा आला नाही तो त्यामुळेच.

स्कीइंगचं फार लिहीत नाही, ते तुम्हाला लेकीने तासभर सांगितलंच आहे. स्कीची पुढची टोकं जुळवून मागची फाकवायची की वेग मरतो, हे एकदा अंगात भिनलं आणि ती निळ्या, म्हणजे सोप्या, उतारावरून एकटी खाली यायला लागली. पुढे, खालच्या अंगाला असलेल्या माणसाचा हक्क पहिला आणि सांभाळायचं मागून येणाऱ्याने, हा तुमचा नियम तिने आम्हा दोघांनाच पदोपदी ऐकवला.

एका पहाटे मात्र तुमची फारच गरज लागली. रात्रभर बर्फ पडत होता आणि उजाडायच्या सुमारास डोंगरातून धडाम धडाम आवाज यायला लागले. लेक घाबरून उठून बसली. तिकडे सात वाजले होते, डिचोलीत साडेअकरा. तुम्ही पहिल्याच रिंगला फोन उचललात. "घाबरू नका. रस्ते आणि उतार माणसांना खुले करायच्या आधी तिथली माणसं स्फोट करून साचलेला बर्फ मुद्दाम पाडतात, म्हणजे तो दिवसा कुणाच्या अंगावर येत नाही." मग दावोसच्या हिमसंस्थेचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन कसं वाचायचं तेही फोनवरच समजावलंत. हिवाळ्यात ते रोज संध्याकाळी 5 ला आणि सकाळी 8 ला निघतं, धोक्याच्या पातळ्या 1 ते 5. त्या दिवशी 3 होती. हे म्हणाले, "म्हणजे मध्यम." तुम्ही जवळजवळ ओरडलात, की सगळ्यात जास्त माणसं याच पातळीला दगावतात, कारण ती मधली वाटते. आखलेला उतार सोडायचा नाही. आम्ही सोडला नाही.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

स्वित्झर्लंडचं एकुलतं एक राष्ट्रीय उद्यान झेर्नेझला लागून आहे. 1 ऑगस्ट 1914 ला स्थापन झालेलं, आल्प्समधलं सगळ्यात जुनं, 170 चौरस किलोमीटरचं. आणि हिवाळाभर ते बंद असतं. "बंद जागा बघायला कशाला पाठवता?" असं ह्यांनी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही हरणांचं सांगितलंत. तिथलं लाल हरीण थंडीत अंगातली आग मंद करतं. हृदयाचे ठोके कमी होतात, पाय गार पडू देतं, आणि उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर वसंतापर्यंत तग धरतं. अशात माणूस समोर आला की ते खोल बर्फातून जिवाच्या आकांताने पळतं. त्या पळण्यात जळलेली चरबी बर्फ वितळेपर्यंत भरून निघत नाही. म्हणून उद्यानाला कुलूप, आणि म्हणूनच स्कीच्या डोंगरांवरही प्राण्यांसाठी राखलेले पट्टे, जिथे हिवाळ्यात पाऊल टाकायला मनाई.

पिवळी पोस्टबस झेर्नेझहून निघते आणि उद्यानाच्या मधून 2149 मीटर उंचीच्या ओफेन खिंडीवर चढते, भर हिवाळ्यातसुद्धा. तुमची दुर्बीण गळ्यात अडकवून आम्ही खिंडीच्या अलीकडे उतरलो आणि रस्त्याची कड न सोडता उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. मग लेकीने माझी बाही ओढली. समोरच्या कड्यावरून दाढीवालं गिधाड चाललं होतं, लांब निमुळते पंख, शंकरपाळ्यासारखी शेपूट, पोट गंजाच्या रंगाचं. तो रंग त्याचा जन्मजात नव्हे, लोहाच्या चिखलात अंग माखून ते तो लावून घेतं, हे तुमच्याकडून ऐकलेलं तिने मला कुजबुजत सांगितलं. कोकरं उचलून नेतं अशा चुकीच्या समजुतीने माणसांनी हा पक्षी आल्प्समधून मारून संपवला होता. 1991 पासून 2007 पर्यंत याच उद्यानात 26 पिल्लं सोडली तेव्हा तो तिथे परत दिसू लागला. आणि त्याची अंडी घालायची वेळ ऐन हिवाळ्यात! पिल्लू बाहेर येतं तेव्हा बर्फ वितळून, कोसळलेल्या हिमकड्यांखाली मेलेल्या जनावरांची हाडं उघडी पडलेली असतात. कुलपाआड काय काय चाललेलं असतं ते मला त्या रस्त्याच्या कडेला उमगलं. उघड्या उद्यानात फिरून आले असते तर कदाचित उमगलं नसतं.

उन्हाळ्यात उघडल्यावरही वाट सोडायची नाही, कुत्रा दोरीला बांधूनसुद्धा न्यायचा नाही, फूल तोडायचं नाही, पाइनच्या झाडाचा शंकूही उचलायचा नाही. हे ऐकून मी तुमच्याशी वाद घातला होता. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानात जाऊन रानफळं आणणाऱ्या घरातली मी. रानाने द्यावं आणि आपण हात जोडून घ्यावं, हे मला आजही सोडवत नाही. पण ज्यातून कुणीच काही घेत नाही असा एखादा कोपरा असायलाच हवा, हे आता मला पटलं आहे.

कारण ते रान काही मुळातलं कोवळं, अस्पर्श नव्हे. त्याच डोंगरांत पूर्वी खनिज काढून लोखंड वितळवत, भट्ट्यांसाठी झाडं तोडत. टिरोलमधल्या मिठाच्या कारखान्यासाठी ओंडके नदीतून वाहून नेत. डिचोलीच्या माणसाला हे ऐकताना काय वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या, खाणींनी उघड्या पाडलेल्या लाल डोंगरांकडे बघत मी मोठी झाले. तिथे 1909 मध्ये निसर्गप्रेमींनी संघ काढला, वर्गणी ठेवली वर्षाला एक फ्रँक, आणि गावांकडून जमीन भाड्याने घेऊन ती तशीच राहू दिली. जमीन आजही गावांचीच आहे. शंभरावर वर्षं हात न लावल्यावर तो डोंगर कसा भरून येतो ते मी डोळ्यांनी पाहून आले. काका, आपल्या डोंगरांबद्दल इतकी आशा मला याआधी कधी वाटली नव्हती. तुम्ही दिलेल्या सगळ्यात हे सगळ्यात मोठं.

एक विनंती आहे. येत्या फेब्रुवारीत माझ्या वर्गातल्या मुलांना मोलेच्या अभयारण्यात न्यायचं ठरलंय. तुम्ही बरोबर यावं. पानांचा आवाज न करता कसं चालायचं, दुर्बीण धरलेला हात कसा स्थिर ठेवायचा आणि काहीच दिसत नसताना गप्प कसं उभं राहायचं, ते मुलांना तुम्हीच शिकवा. गाडीतली पुढची जागा तुमची आणि काकूंची. तारीख तुम्ही सांगा, शाळेची परवानगी मी बघते.

तुमची,
शेजारची मास्तरीण
डिचोली, गोवा