बाबांचा डफ पाहिजे

ती. आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, रॅपचा ग्रुप सोडलास, पोरांशी भांडलास काय, आणि मी नुसतं नाही हो म्हणून विषय बदलला. ते मनाला लागून राहिलं म्हणून लिहायला बसलोय. भांडण अजिबात नाही. पाच वर्षं आम्ही चौघांनी शिवाजी पेठेतल्या त्या वरच्या खोलीत भिंतीला गाद्या टेकवून, माईकमध्ये घरघर येते म्हणून भर मे महिन्यात फॅन बंद ठेवून गाणी केली, ती पोरं माझी भावंडंच आहेत. पण एका गाण्यात चौघं म्हटल्यावर माझं म्हणणं सुरू होईस्तोवर संपायचं. आई, तुला पहिलं गाणं ऐकवलेलं, तू फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलंस आणि विचारलंस, "ह्यात तुझा आवाज कुठला रे?" ते डोक्यातनं गेलंच नाही बघ.

बाबा, तुम्ही शाहिरांच्या मागं उभं राहून झील धरलीय, त्यामुळं मागं उभं राहण्यात मला कधीच कमीपणा वाटला नाही. पण आता मला पोवाडा सांगायचाय.

तो डिव्हाइन आहे ना, अंधेरीचा रॅपर, तो पण आधी मुंबईज फायनेस्ट नावाच्या ग्रुपमध्ये होता. सुरुवातीला इंग्लिशमध्ये रॅप करायचा, मग हिंदीत आला, २०१३ ला 'ये मेरा बॉम्बे' केलं, २०१५ ला नेझी नावाच्या रॅपरबरोबर 'मेरे गली में', आणि २०१९ ला त्या दोघांच्या आयुष्यावरनं सुचलेला 'गली बॉय' थेटरात लागला. मला सगळ्यात भिडलं ते हे की तो आपल्या गल्लीच्या भाषेत बोलायला लागला तेव्हा लोकांनी त्याला ओळखलं. आम्ही ग्रुपमध्ये हिंदीत लिहायचो, ते मला कधी मनापासून आलंच नाही. आता जे लिहिलंय ते आपल्या कोल्हापुरीत, आई पाणी तापवताना जशी बोलते तसं.

नोकरी सोडलेली नाही, काळजी करू नका.

एक मागणं आहे. बाबा, माळ्यावरचा डफ काढून ठेवा. कॉम्प्युटरमधला डफ मी दहा वेळा लावून बघितला, त्याला तुम्ही जाळावर शेकून घेतल्यावरची ती कडक थाप येतच नाही. शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतोय, माईक घेऊन. रविवारी सकाळी फक्त फॅन बंद ठेवूया.

तुमचा,
बाळू