कुमुदला पत्र

रत्नागिरी
३ जुलै, रात्र

प्रिय कुमे,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "शालू, चाळीस वर्षं नोकरी केलीस, त्यातली सगळ्यात चांगली वर्षं कुठली गं?" मी लगेच म्हटलं, "टेलिफोन एक्स्चेंजची." मग तुझी नात शाळेतून आली, तू तिला वाढायला गेलीस आणि आपलं बोलणं तिथेच राहिलं. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आज दिवसभर पाऊस धरून आहे, म्हणून लिहायलाच बसले. एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, ती फोनवर सांगवणार नाही. पण आधी बाकीचं सांगते, त्याशिवाय ती कळायची नाही.

मी १९७५ साली ऑपरेटर म्हणून लागले. तू आदल्या वर्षीच लग्न होऊन नागपूरला गेली होतीस, त्यामुळे आपल्या गावचं एक्स्चेंज तू आतून कधी पाहिलंच नाहीस. पोस्टाच्या मागची ती कौलारू खोली, बाहेर लाल अक्षरात 'प्रवेश बंद'. आत एक उंच लाकडी बोर्ड. त्यात शंभर भोकं, ती जॅकं, आणि प्रत्येकावर नखाएवढं पितळी झाकण. त्याला आम्ही शटर म्हणायचो. गावात कुणी फोनचा दांडा फिरवला की इथे त्याच्या नंबरचं शटर टप्पदिशी पडायचं. की आपण खालची कॉर्ड ओढायची, प्लग त्या जॅकमध्ये खुपसायचा, समोरची कळ पुढे ढकलायची आणि विचारायचं, "नंबर?" मग जोडीतली दुसरी कॉर्ड पलीकडच्या जॅकमध्ये, आणि घंटा द्यायची. कॉर्डांना खाली वजनं असायची, सोडली की सरकन आपल्या जागी जाऊन बसायची. तो 'सर्र' आवाज अजून कधीकधी झोपेत येतो. डोक्यावर हेडसेट, छातीवर तुतारीच्या तोंडासारखा बोलायचा कर्णा, तो पट्ट्याने गळ्यात अडकवलेला. पहिला महिनाभर मान इतकी दुखायची की आई रोज रात्री खोबरेल तेल लावून चोळून द्यायची.

नंबर विचारला तरी नंबर कोण सांगतंय! "डॉक्टरांकडे दे गो." "आमच्या मेव्हण्याच्या दुकानात लाव." एक आजोबा रोज सकाळी दांडा फिरवून फक्त किती वाजले ते विचारायचे, कारण त्यांच्या घड्याळाला चावी द्यायची राहून जायची. मी सांगायची. सहा महिन्यांत मला सगळे आवाज पाठ झाले. कुणाला सर्दी झालीय, कोण रात्रभर झोपलेलं नाही, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, हे "हॅलो" म्हणण्यावरून कळायचं. मला लोक रस्त्यात ओळखत नसत, आणि मी मात्र बाजारात मागून कुणी बोललं की मनात म्हणायची, हे बावीस नंबर.

पण खरं काम ट्रंकचं, म्हणजे परगावच्या कॉलचं. गावातल्या गावात जोडणं म्हणजे नुसता हात, ट्रंकला डोकं आणि जिभेवर साखर दोन्ही लागायचं. बाहेर जायला आपल्याकडे लाइनी मोजून चार, आणि बुकिंग सकाळपासून तीस-चाळीस. ऑर्डिनरी कॉल थांबायचा, अर्जंट पुढे जायचा, त्याला पैसे दुप्पट. लाइटनिंग सगळ्यांच्या आधी, पण त्याला आठपट, म्हणून तो वर्षातून दोनचारदाच यायचा. पीपी म्हणजे ठरावीक माणसालाच बोलवायचं. ते माणूस फोनवर आल्याशिवाय मिनिटं मोजायची नाहीत, बोलावण्याचे पैसे तेवढे वेगळे. आंब्याच्या दिवसांत संध्याकाळी सगळा बोर्ड क्रॉफर्ड मार्केटचा. "पेटीला काय निघाला?" एवढ्या एका वाक्यासाठी बागायतदार चार चार तास वाट बघायचे, आणि भाव ऐकून कुणाचा आवाज चढायचा, कुणाचा एकदम विझायचा. पुढची गाडी भरायची की आंबा आणखी दोन दिवस अढीत ठेवायचा, हे त्या तीन मिनिटांच्या कॉलमध्ये ठरायचं. गणपतीच्या आधी आठ दिवस मुंबईहून चाकरमान्यांचे कॉल, "मखर काढून ठेवा, आम्ही येतोय." ते जोडताना मलाच सण आल्यासारखं वाटायचं.

आणि दुसऱ्या गावांतल्या ऑपरेटर! कोल्हापूरची एक होती, तिला मी आयुष्यात कधी पाहिलं नाही. पण तिच्या मुलाला गोवर झाला तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, आणि मी पडसं झालेल्या आवाजात बोलले की ती म्हणायची, "शालू, तुळशीचा काढा घे, मग पुणे मागायला ये." बारा वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींना लाइन दिली. अशी मैत्री मला पुढे कुठल्याच ऑफिसात मिळाली नाही.

लाइनमन लोकांबद्दलही लिहायलाच हवं. तारा उघड्या, रस्त्याकडेच्या खांबांवरून गेलेल्या. पावसाळ्यात फांदी पडली की लाइन गेली. ही माणसं घोंगडी पांघरून घाटात चालत जायची, खांबावर चढून तारेला आपला हातातला फोन लावायची आणि तिथून मला हाक द्यायची, "एक्स्चेंज, ऐकू येतंय?" मागे धो धो पाऊस ऐकू यायचा. "येतंय" म्हणताना माझ्या घशात दाटून यायचं.

नोकरीवर रुजू होताना सुपरवायझर बाईंनी एक कागद पुढे केला होता. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं नाव घेऊन त्या म्हणाल्या, "इथे जे कानावर पडेल ते इथेच ठेवून घरी जायचं. आईलासुद्धा नाही." कॉल चालू आहे की संपला हे बघायला मध्ये कान लावावाच लागायचा, त्यामुळे पडायचंच कानावर. मी सही केली आणि ती पाळली. फार जड गेलं ते १९८२ मध्ये. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले. आपल्याकडे घरटी एक माणूस गिरणीत. आधी लालबाग-परळहून येणारे कॉल कसे असायचे, "मनिऑर्डर केलीय, पोचली का?" मार्चपर्यंत मनिऑर्डरचा शब्दच येईनासा झाला. मग, "पोरांना गावी धाडतो, शाळेचं बघा." मग, "मीच येतो. भात लावायला हात लागतीलच." कॉल तीन मिनिटांच्या आत संपायला लागले. "तीन मिनिटं झाली" हे सांगायची वेळच येईना. माझाही भाऊ त्यातलाच, तुला माहीत आहे. आई रोज विचारायची, "काय गो, मुंबईकडचं काय ऐकलंस?" तिचाच लेक काय करणार ते दुसऱ्यांच्या तोंडून मला अर्धंमुर्धं कळलेलं असायचं, आणि मी म्हणायची, "काही नाही आई, लाइन खराब आहे." तो येईपर्यंत मी ते पोटात ठेवलं.

आता ते राहिलेलं. हा कागद दोनदा बाजूला ठेवून उठले, आता एका दमात लिहिते.

जुलै १९७९. तुझे अण्णा गेले ती रात्र.

रात्रपाळी पुरुष ऑपरेटरांची असायची, हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू मला त्याबद्दल कधी विचारलंच नाहीस. पण त्या दिवशी दुपारीच नदीचं पाणी पुलावर आलं. रात्रीचा ऑपरेटर पलीकडच्या काठावर अडकला. मी दुपारी दोनला बसलेली, ती उठलेच नाही. आमच्या शिपायाने कुठून तरी चहा आणि भाकरी आणून दिली. मुंबईची लाइन मेलेली, रत्नागिरीची मेलेली. फक्त कोल्हापूरची एक जिवंत, तीही खरखरत.

दहाच्या सुमारास डॉक्टरांचं शटर पडलं. डॉक्टर म्हणाले, "शालू का? नागपूर पाहिजे. लाइटनिंग." आणि तुझ्या शेजारच्या वकिलांचा नंबर सांगून म्हणाले, "पीपी, कुमुदला बोलवायचं." नागपूर म्हटल्यावरच मला कळलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मागे तुझ्या बाळूदादाचा आवाज येत होता.

कोल्हापूर घेतलं. माझी मैत्रीणच होती, तिचीही ड्यूटी लांबलेली. तिने पुणे दिलं, पुण्याने नागपूर. प्रत्येक जोडणीला आवाज विहिरीत उतरावा तसा खाली खाली जात होता. वकिलांकडे घंटा वाजली, कुणीतरी तुला बोलवायला धावलं. ती चार-पाच मिनिटं लाइन धरून मी बसले होते, डोळे तुझ्या जॅककडे. तुझा कसला, तो नागपूरकडे जाणाऱ्या ट्रंकचा, पण मला तो तुझाच वाटत होता. मग तू आलीस. "हॅलो? दादा? हॅलो?" पाच वर्षांनी तुझा आवाज ऐकत होते मी, आणि इतका बारीक, जणू पलीकडच्या डोंगरावरून येतोय.

दादा बोलला, तुला काहीच पोचलं नाही. तो पुन्हा बोलला, त्याचा आवाज फुटला. तू "काय? काय?" करत होतीस. अशा वेळी काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं होतं. लाइन कमजोर असली तर ऑपरेटरने मधे राहून निरोप पोचवायचा, जसाच्या तसा, आपल्या पदरचं काही न घालता. मी दादाला म्हटलं, "तुम्ही मला सांगा, मी पुढे सांगते." त्याने सांगितलं. मी कर्णा दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला आणि ओरडून, एकेक शब्द सुटा करून म्हटलं,

"तुमचे वडील गेले. आज रात्री साडेनऊ वाजता. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. भाऊ सांगतायत, लगेच निघू नका. पूर आहे, रस्ते बंद आहेत. पाणी उतरलं की तार करू."

तुला मी "तुमचे" म्हटलं, कुमे. ज्या अण्णांनी आपल्या दोघींना एकाच वेळी सायकल शिकवली, ज्यांच्या ताटात मी तुझ्या शेजारी बसून जेवले, त्यांना मी "तुमचे वडील" म्हटलं.

तू कितीतरी वेळ गप्प होतीस. मला वाटलं लाइन गेली. मग तू अगदी हळू विचारलंस, "आईजवळ कोण आहे?" मी दादाला विचारलं, तुला सांगितलं, "आत्या आहेत, डॉक्टरही आहेत." आणि मग तू विचारलंस, "तुम्ही कोण बोलताय?"

मी म्हटलं, "ऑपरेटर."

बोर्डावर तेव्हा आणखी दोन शटरं पडलेली होती. तीन मिनिटं होऊन गेलेली, तरी मी काही बोलले नाही. पुण्याच्या, कोल्हापूरच्याही कुणी मधे आलं नाही. तू फोन ठेवलास तेव्हा मी कॉलच्या नोंदीच्या तिकिटावर वेळ लिहिली, सहा मिनिटं, आणि पुढचा प्लग उचलला. पहाटे पाणी उतरू लागल्यावर रात्रीचा ऑपरेटर चिखलात गुडघ्यापर्यंत भिजून आला, तेव्हा मी थेट तुमच्या घरी गेले. काकूंजवळ बसले. तिथेही कुणाला कळलं नाही की मी कुठून आलेय.

तू दहाव्याला पोचलीस. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सगळं सांगितलंस. म्हणालीस, "पुण्याची की कुठली ती ऑपरेटर, तिने किती नीट सांगितलं गं, नाहीतर मला काही कळलंच नसतं." मी तुझ्या केसांवरून हात फिरवत राहिले. सही मोडायची नव्हती हे एक, आणि दुसरं म्हणजे तेव्हा सांगितलं असतं तर मी स्वतःच कोसळले असते, आणि तुला आधार द्यायचा होता.

१९८७ मध्ये डायलचे फोन आले. बोर्ड काढला तेव्हा एक कॉर्ड मागून घ्यावी असं फार वाटलं, पण सरकारी माल, मागितली नाही. मला इथे रत्नागिरीला बिलांच्या शाखेत आणलं. पगार वाढला, पंखा मिळाला, रविवारची सुट्टी मिळाली. अठ्ठावीस वर्षं तिथे काढली, लोक चांगले होते, तक्रार नाही. पण संध्याकाळी घरी जाताना आज मी कुणाला कुणाशी जोडलं, असा हिशेब तिथे नव्हता.

आता ना ते खातं राहिलं, ना तो बोर्ड. काकूही गेल्या, दादाही गेला. ती रात्र माहीत असलेली मी एकटीच उरले होते, म्हणून लिहिलं.

हे वाचून लगेच फोन करू नकोस. मला फोनवर तुझं "हॅलो" ऐकवणार नाही. दोन ओळी लिही. आणि एवढंच सांग, त्या रात्री पलीकडून ओरडणारा आवाज तुला जरा तरी ओळखीचा वाटला होता का?

नातीला गोड पापा. भाऊजींना नमस्कार.

तुझीच,
शालू