अनारशाचा मजकूर न कापणाऱ्या ताईंना

ताई,

काल रात्री आमच्या फराळाची साइट नीट दिसली तेव्हा आईला झोपेतून उठवलं. तिने चष्मा लावला, अनारशाची माहिती ओळीवर बोट ठेवून वाचली आणि म्हणाली, "सगळं आहे की गं." तेव्हाच ठरवलं, तुम्हाला लिहायचं.

साइटवर शेजारी शेजारी रकाने तीनच होते: चकली, चिवडा, अनारसे. चिवड्याला दोन ओळी पुरल्या. अनारशाला कशा पुरतील? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, कुटून गुळात मुरवायचे. त्यामुळे एक रकाना लांब, दोन आखूड आणि 'ऑर्डर द्या'ची बटणं वरखाली. पैसे देऊन लावलेल्या माणसाने सगळ्यांची उंची ४०० पिक्सेल करून टाकली. मोबाइलवर मजकूर बटणावर सांडला. दुसऱ्याने उंची मोजणारी स्क्रिप्ट घातली. मराठी फाँट उशिरा यायचा, मोजणी त्याआधीच होऊन जायची आणि उंची चुकायची. शेवटी दोघांचं उत्तर एकच: "मॅडम, मजकूर कमी करा." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. आईच्या हातचं सगळं कसब त्यांना जास्तीचा मजकूर वाटलं.

तुम्ही कोड उघडण्याआधी तो रकाना शेवटपर्यंत वाचलात. 'खसखशीची बाजू वर ठेवून तळावा, उलटू नये' इथे थांबलात. "म्हणून माझे फसतात होय!" मग म्हणालात, "यातलं काही काढायचं नाही. सगळ्यात उंच जो आहे, त्याच्याएवढे बाकीचे होतील."

आणि झालेच. तिन्ही रकाने ज्यात बसतात त्या बाहेरच्या चौकटीला 'डिस्प्ले: फ्लेक्स' ही आतल्या गोष्टी ओळीत मांडणारी सीएसएसची (पानाची मांडणी सांगणाऱ्या कोडची) ओळ आधीपासून होती. तेवढ्याने आतले रकाने आपणहून सारखे ताणले जातात, पण कुणीतरी 'अलाइन-आयटम्स: फ्लेक्स-स्टार्ट' लिहून ते अडवलं होतं. ती ओळ तुम्ही मला खोडायला लावलीत. रकाना स्वतःही वरून खाली मांडणारा फ्लेक्स असला की बटणं तळाशी नेणारं 'मार्जिन-टॉप: ऑटो'सुद्धा मीच लिहिलं. पूर्वी फ्लोटच्या काळात, म्हणजे रकाने शेजारी लावायच्या जुन्या पद्धतीत, मागे रंगीत पट्ट्यांचं चित्र लावून उंची सारखी भासवायचे, वेब डिझायनर डॅन सिडरहोम यांनी २००४ साली ती युक्ती मांडली, हेही सांगितलंत. जाणकारही इथेच अडले होते हे ऐकून फार धीर आला.

दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याआधी ते वाचून पाहणारी माणसं मला कमी भेटली आहेत.

शुक्रवारी डबा निघतोय. जाळी छान पडलीय. सोबत मुरलेल्या पिठाचा एक गोळा आहे. आईने सांगितलंय, तो तुम्ही स्वतः थापायचा.