हॅलोविन म्हणजे नुसती भुतं नाहीत

मा. संपादक साहेब,

ऑक्टोबर संपत आला की सगळ्या पेपरात हॅलोविनची बातमी येते आणि तेच ठरलेलं वाक्य असतं, की हा पाश्चात्त्यांचा भुताखेतांचा सण, सेल्टिक लोकांच्या, म्हणजे आयर्लंड-ब्रिटनकडच्या प्राचीन लोकांच्या, जुन्या सणावरून आलेला. आम्ही वसईचे कॅथलिक, आम्हाला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण ३१ ऑक्टोबर ही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ आहे आणि हे कोणी लिहीतच नाही.

आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोमला सेंट पीटर्समध्ये सगळ्या संतांच्या नावाने चॅपल केलं, पुढे ८३५ च्या सुमारास चौथ्या ग्रेगरींच्या काळात फ्रँक राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात) १ नोव्हेंबर सगळीकडे पाळायला लागले. आयर्लंडच्या जुन्या चर्चमध्ये तर हा सण एप्रिलमध्ये व्हायचा, मग ही तारीख तिथल्या सेल्टिक सणावरून उचलली असं एवढं ठामपणे कसं काय लिहिता? शेकोट्या, सलगम कोरून केलेले कंदील हे तिकडच्या गावांतून आलं, ते मान्यच आहे.

आणि दारोदारी फिरणं! हजार सालाच्या आसपास फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी २ नोव्हेंबर हा मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, मग इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसं, पोरं घरोघरी जाऊन त्या घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायची आणि त्यांना छोटे केक मिळायचे. आजची पोरं चॉकलेटं मागत फिरतात त्याचं एक मूळ इथे आहे असं बरेच अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी मृतांसाठी प्रार्थना करणंच नाकारलं, तिथे हे मागे पडत गेलं, पण आयरिश कॅथलिकांनी सोडलं नाही, १८४५ नंतरच्या दुष्काळात ते लाखोंनी अमेरिकेला गेले तेव्हा बरोबर नेलं. तिथे सलगमच्या जागी भोपळा आला, नंतर बाजार घुसला आणि प्रार्थना तेवढी गळून पडली.

आमच्याकडे ती अजून आहे. २ नोव्हेंबरला वसईच्या कुठल्याही चर्चच्या सिमेट्रीत या, थडगी साफ करून फुलं घातलेली, मेणबत्त्या लावलेल्या, फादर मिस्सा (चर्चचा प्रार्थनाविधी) करतात, परगावी गेलेली माणसंसुद्धा शक्यतो येतात. यंदा हॅलोविनचे फोटो छापाल तेव्हा दोन दिवसांनी तुमचा वार्ताहर इकडेही पाठवा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, वसई